चर्चमधील वाद आणि कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मराठी माणसाचे जुने व्यवहारज्ञान आहे. त्यामागे वेळ, पैसा आणि मनःस्वास्थ्य यांचा हिशेब असतो. ख्रिस्ती समाजापुढे हाच सल्ला धर्मवचनाच्या रूपाने येतो. त्यामुळे तो मोडला गेला की प्रश्न केवळ खर्चाचा न राहता श्रद्धेचा होतो. तरीही गेल्या दीडशे वर्षांत भारतातील चर्चच्या मालमत्ता, पदे, निवडणुका आणि दफनभूमी यांवरून झालेले दावे जिल्हा न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आहेत. त्यांतील काही दावे तर एका पिढीने दाखल केले आणि दुसऱ्या पिढीने त्यांचा निकाल ऐकला. चर्चमधील तंटे दिवाणी न्यायालयात न्यावेत की नेऊ नयेत, आणि नेल्यास न्यायालयाकडून कशाची अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच पुन्हा पुन्हा पुढे येतो.

पौलाचा उपदेश आणि त्याची मर्यादा

या चर्चेचा आरंभ नेहमी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सहाव्या अध्यायापासून होतो. इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या या पत्रात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला खडसावतो. बंधूने बंधूविरुद्ध फिर्याद करावी आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, याची त्याला लाज वाटते. दोघांमध्ये निवाडा करू शकेल असा एकही सुज्ञ माणूस तुमच्यात नाही काय, असा त्याचा सवाल आहे. खटला जिंकण्यापेक्षा अन्याय सोसणे बरे, येथपर्यंत तो जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात या उपदेशाला कार्यपद्धतीची जोड मिळते. अपराध करणाऱ्या बंधूशी प्रथम एकांतात बोलावे. त्याने ऐकले नाही तर एकदोन साक्षीदारांना बरोबर घ्यावे आणि त्यानंतरच गोष्ट मंडळीपुढे मांडावी.

हा उपदेश कोणत्या परिस्थितीत दिला गेला, हेही पाहणे आवश्यक आहे. करिंथ ही रोमन वसाहत होती. अशा शहरांतील दिवाणी न्यायदानात धनवान आणि प्रतिष्ठित पक्षाचे पारडे सहसा जड असे. पौलाचा रोख क्षुल्लक ऐहिक देण्याघेण्यावर आहे. त्या काळची मंडळी लोकांच्या घरी जमत असे. तिच्यापाशी जमीन नव्हती, शाळा आणि रुग्णालये नव्हती, नोंदणीकृत विश्वस्त व्यवस्थाही नव्हती.

स्वतः पौलाने न्यायसंस्था त्याज्य मानली नव्हती. प्रेषितांच्या कृत्यांतील वृत्तांतानुसार, यरुशलेमेत नेऊन चौकशी होण्याचा धोका दिसताच त्याने सुभेदार फेस्तासमोर रोमन नागरिकाचा हक्क बजावला आणि थेट कैसराकडे दाद मागितली. म्हणजे जीव आणि न्याय्य वागणूक पणाला लागली असताना त्याने कायद्याचा आधार घेतला, तर बंधूंमधील हेव्यादाव्यासाठी तो आधार घेणे त्याला कमीपणाचे वाटले. या दोन प्रसंगांतील फरक पुढील सर्व चर्चेत उपयोगी पडणारा आहे.

बिशपचे न्यायासन आणि सम्राटाचा दरबार

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांना दिवाणी तंट्यांत निवाडा करण्याची मुभा दिली आणि अशा निवाड्यांना राज्याची मान्यता दिली. पुढे हिप्पोचे बिशप असलेल्या संत ऑगस्टीन यांचा बराच वेळ लोकांची भांडणे ऐकण्यात जात असे आणि या कामाच्या ओझ्याबद्दल त्यांनी तक्रारीचा सूरही लावला आहे.

त्याच काळात याच्या उलट उदाहरणही घडले. कार्थेजचे बिशप कोण, यावरून उत्तर आफ्रिकेतील चर्चमध्ये फूट पडली. बिशप सेसिलियन यांच्या विरोधकांनी, म्हणजे पुढे डोनाटिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या गटाने, इ. स. ३१३ मध्ये सम्राटाकडे दाद मागितली. रोम येथे ३१३ मध्ये आणि आर्ल येथे ३१४ मध्ये धर्माधिकाऱ्यांच्या सभा झाल्या, आणि अखेरीस सम्राटाने स्वतः निर्णय दिला. सर्व निर्णय सेसिलियन यांच्या बाजूने लागूनही फूट मिटली नाही. शंभर वर्षांनी, ४११ मध्ये, कार्थेज येथे शाही अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली पुन्हा तोच वाद ऐकला जात होता. न्यायनिर्णय आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा इतिहासातील पहिला मोठा धडा होय.

भारतीय कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक धार्मिक संप्रदायाला धर्मविषयक बाबींचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क दिला आहे. मालमत्तेचा कारभार मात्र कायद्यानुसार करावा लागतो. १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी स्पष्ट केली. धर्माचरण संप्रदायाच्या हाती राहील, पण त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापनावर राज्य कायद्याने नियंत्रण ठेवू शकेल, असा त्याचा आशय होता.

दुसरा आधार १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ चा आहे. मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क वादग्रस्त असेल तर तो दावा दिवाणी स्वरूपाचा ठरतो, मग त्या हक्काचा निर्णय सर्वस्वी धार्मिक विधींच्या प्रश्नावर अवलंबून असला तरी हरकत नाही, असे या कलमाचे स्पष्टीकरण सांगते. एखादा सिद्धांत खरा की खोटा, हे न्यायालय ठरवत नाही. परंतु चर्चची किल्ली कोणाच्या हाती असावी हे ठरवण्यासाठी त्या चर्चची घटना, परंपरा आणि ठराव तपासण्याचा अधिकार त्याला आहे. किल्लीचा वाद घेऊन न्यायालयात जाणारा पक्ष आपला सारा इतिहास न्यायाधीशांच्या मेजावर ठेवतो, हे त्याने आधीच ओळखलेले बरे.

मलंकरा : दीडशे वर्षांची कज्जेदलाली

या विषयाचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण केरळमधील मलंकरा चर्चचे आहे. संत थोमा यांच्यापासून आपली परंपरा सांगणाऱ्या या प्राचीन समाजाने १६५३ मध्ये मट्टांचेरी येथे शपथ घेऊन पोर्तुगीज धर्मसत्तेचा जू झुगारला. त्यांतील एका मोठ्या शाखेचा पुढे अंत्युखियाच्या सिरियन पॅट्रिआर्कांशी संबंध जुळला. या पॅट्रिआर्कांचा अधिकार केवळ आध्यात्मिक की मालमत्ता आणि प्रशासन यांवरही, हाच पुढील सर्व खटल्यांचा गाभा आहे.

पहिला मोठा दावा १८७९ मध्ये उभा राहिला. सुधारणावादी गट आणि पॅट्रिआर्कांना मानणारा गट यांच्यात कोट्टायम येथील सेमिनरी आणि चर्चची मालमत्ता यांवरून झगडा झाला. त्रावणकोरच्या वरिष्ठ न्यायालयाने १८८९ मध्ये बहुमताने सुधारणावाद्यांविरुद्ध निकाल दिला. पराभूत गट विरून गेला नाही. त्याने वेगळी वाट धरली आणि आजचे मार्थोमा चर्च उभे राहिले.

त्यानंतर जिंकलेल्या गटातच दुफळी झाली. १९११ मध्ये पॅट्रिआर्क अब्दुल्ला यांनी मेट्रोपॉलिटन वट्टश्शेरिल दिओनिसिअस यांना बहिष्कृत केले. १९१२ मध्ये दिओनिसिअस यांच्या पक्षाने अब्देद मशीहा या दुसऱ्या पॅट्रिआर्कांच्या हस्ते भारतात कॅथोलिकोस हे स्वतंत्र धर्मपीठ स्थापन करवून घेतले. अब्देद मशीहा पदच्युत झालेले असल्याने त्यांना तो अधिकार होता काय, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. वादाला तोंड फुटले ते मात्र पैशावरून. १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे ३००० स्टार पॅगोडा, म्हणजे आपल्याकडील होनांसारखी सोन्याची नाणी, कायम ठेव म्हणून ठेवलेली होती. तिचे व्याज कोणाला द्यावे, हे सरकारलाच कळेना. तेव्हा १९१३ मध्ये सरकारनेच प्रकरण त्रिवेंद्रमच्या जिल्हा न्यायालयापुढे नेले. मल्याळममध्ये व्याजाच्या पैशाला ‘वट्टिपणम’ म्हणतात, म्हणून हा खटला त्या नावाने प्रसिद्ध झाला. १९१९ मध्ये एका बाजूने, १९२३ मध्ये दुसऱ्या बाजूने आणि १९२८ मध्ये पुन्हा पहिल्या बाजूने निकाल लागला.

१९३४ मध्ये कॅथोलिकोस पक्षाने चर्चची लिखित घटना संमत केली. १९३८ मध्ये संपूर्ण समुदायाच्या मालमत्तेसंबंधी नवा दावा दाखल झाला. जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, १९५४ मधील सर्वोच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनासंबंधीचा आदेश, पुन्हा उच्च न्यायालय असा फेरा पूर्ण करून हा दावा १९५८ मध्ये कॅथोलिकोस पक्षाच्या बाजूने संपला. एका दाव्यात वीस वर्षे गेली होती.

यापुढची घटना अधिक महत्त्वाची आहे. निकालानंतर काही महिन्यांतच, डिसेंबर १९५८ मध्ये, पॅट्रिआर्क आणि कॅथोलिकोस यांनी पत्रांद्वारे एकमेकांना मान्यता दिली. १९६४ मध्ये पॅट्रिआर्क स्वतः भारतात आले आणि नव्या कॅथोलिकोसांच्या पदारोहणात सहभागी झाले. निकालपत्राने पराभूत पक्षाचा हक्क संपवला होता, पण शांतता आणली ती या पत्रांनी. पत्रांची भाषा बदलली तेव्हा शांतताही संपली. संत थोमा यांच्या धर्मासनाच्या दर्जावरून १९७० मध्ये पुन्हा कटुता आली आणि दोन गट, ऑर्थोडॉक्स व जेकोबाइट, परत न्यायालयात उभे राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये १९३४ ची घटना वैध ठरवली आणि दोन्ही गटांचा समावेश असलेली प्रातिनिधिक निवडणूक घेण्याचा मार्ग दाखवला. २००२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मळिमठ यांच्या निरीक्षणाखाली मलंकरा असोसिएशनची सभा झाली. जेकोबाइट गटाने मात्र त्याच वर्षी स्वतःची वेगळी घटना तयार केली. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही समांतर व्यवस्था अमान्य केली आणि मलंकरा चर्चच्या अखत्यारीतील सर्व स्थानिक चर्चना १९३४ चीच घटना लागू राहील, असा निर्णय दिला.

मृतांचे काय?

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. चर्चच्या आवारात तो तेव्हा सुरू झाला. ज्या गावांत बहुसंख्य कुटुंबे जेकोबाइट होती, तेथील चर्चचा ताबा निकालानुसार ऑर्थोडॉक्स गटाकडे जाऊ लागला. २०१९ मध्ये पिरवोम येथे आणि २०२० मध्ये मुलंतुरुत्ती येथे ताबा देण्यासाठी पोलिसांना चर्चमध्ये शिरावे लागले. ज्या वास्तूत आजोबांचा बाप्तिस्मा झाला, तिच्या फाटकाबाहेर नातवंडे प्रार्थना म्हणत उभी राहिली. दुसऱ्या बाजूची व्यथाही खोटी नव्हती. तीन पिढ्या लढून आणि प्रत्येक वेळी देशाचे सर्वोच्च न्यायासन आपल्या बाजूने बोलूनही निकाल कागदावरच राहावा काय, असा ऑर्थोडॉक्स गटाचा प्रश्न होता.

सर्वांत दुःखद प्रसंग दफनावरून उद्भवले. दफनभूमी चर्चच्या मालकीची, चर्च एका गटाच्या ताब्यात आणि मृत व्यक्ती दुसऱ्या गटाची, अशा पेचात काही मृतदेह कित्येक दिवस दफनाविना राहिले. अंत्यविधी कोणत्या धर्मगुरूने करावा, हा मुद्दा शोकाकुल कुटुंबाच्या दारात येऊन बसला. अखेर केरळ सरकारला जानेवारी २०२० मध्ये वटहुकूम आणि त्यानंतर त्याच वर्षी कायदा करावा लागला. कोणत्याही गटाच्या कुटुंबाला आपल्या पूर्वजांच्या दफनभूमीत दफनाचा हक्क राहील आणि अंत्यप्रार्थना त्यांच्या पसंतीच्या धर्मगुरूकडून अन्यत्र करता येईल, अशी तरतूद त्यात झाली. बंधूच्या मृतदेहाला मूठभर माती देता यावी यासाठी विधानसभेला कायदा करावा लागणे, ही करिंथच्या मंडळीला लाजवणारी गोष्ट म्हटली पाहिजे.

त्यानंतरही सहा चर्चच्या ताब्यावरून उद्भवलेली न्यायालयीन अवमानाची प्रकरणे २०२४ आणि २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढे चालू राहिली.

महाराष्ट्र आणि गुजरातचा अनुभव

केरळमध्ये चर्चच्या मालमत्तेसाठी स्वतंत्र कायदा असावा, असे मसुदे २००९ आणि २०१९ मध्ये पुढे आले आणि धर्माधिकाऱ्यांच्या विरोधामुळे मागे पडले. जुन्या मुंबई राज्यात म्हणजे आजच्या महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये परिस्थिती वेगळी आहे. येथे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा ख्रिस्ती विश्वस्त संस्थांनाही लागू झाला. महाराष्ट्रात त्याच्या नावात आता ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ आहे. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, स्थावर मालमत्ता विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि जे प्रश्न कायद्याने या यंत्रणेकडे सोपवले आहेत त्यांत दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही.

या कायद्याची चर्चना जाणीव करून देणारे प्रकरण चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चचे ऐक्य होऊन ही संस्था जन्माला आली. अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रातील मंडळ्या ज्या युनायटेड चर्चमध्ये होत्या, तेही या ऐक्यात सामील झाले. गुजरातमधील ब्रदरेन चर्चनेही ठराव करून ऐक्यात प्रवेश केला. पुढे त्यांतील काही सदस्यांनी ऐक्य नाकारले आणि मालमत्ता कोणाची, हा वाद सुरू झाला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा वाद दिवाणी न्यायालयात नव्हे, तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालील यंत्रणेपुढे चालला पाहिजे. २०१३ मध्ये त्याच चर्चसंबंधीच्या दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ विलीनीकरणाचा ठराव केल्याने नोंदणीकृत विश्वस्त संस्थेची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया पार पाडावी लागते.

म्हणजे नागपुरात प्रार्थनापूर्वक झालेल्या ऐक्याचा एक धागा त्रेचाळीस वर्षांनी कागदपत्रांच्या अपूर्णतेमुळे सुटला. येथे कोणा एका पक्षाची श्रद्धा कमी पडली असे म्हणता येणार नाही. नोंदी वेळच्या वेळी पूर्ण झाल्या असत्या, तर पुढील पिढीला न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहण्याचे कारणच उरले नसते.

कोणते वाद घरात ठेवू नयेत?

चर्चचे वाद चर्चमध्येच मिटवावेत, या तत्त्वाचा गैरवापरही होतो. बालकाचे लैंगिक शोषण, आर्थिक अपहार, मारहाण किंवा धमकी हे बंधूंमधील मतभेद नव्हेत, ते गुन्हे आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. ती सक्ती बिशपांना आहे आणि पंचांनाही आहे. अशा वेळी पौलाच्या पत्राचा आधार घेऊन पीडिताला गप्प बसवणे म्हणजे त्या उपदेशाचा अर्थ उलटा करणे होय. अन्याय सोसावा हा सल्ला ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याने स्वतःला द्यायचा असतो, अन्याय करणाऱ्याने त्याला द्यायचा नसतो.

विश्वस्तांनी संस्थेची जमीन नियमबाह्य विकली, तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करणारा सभासद चर्चचा शत्रू ठरत नाही. ती मालमत्ता कोणा एका बंधूची नसते. देणगीदारांनी आणि मागील पिढ्यांनी ती पुढील पिढ्यांसाठी ठेवलेली असते. स्वतःचा हक्क सोडून देणे हा त्याग आहे. दुसऱ्याच्या ठेवीवर पाणी सोडणे हा त्याग नव्हे.

मधला मार्ग

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील १४४६ वा नियम खटले टाळून तंटे शक्य तितक्या लवकर आणि शांततेने मिटवण्याची जबाबदारी सर्व श्रद्धावंतांवर, विशेषतः बिशपांवर टाकतो. प्रॉटेस्टंट चर्चच्या घटनांमध्येही अंतर्गत न्यायमंडळांची तरतूद आढळते. नागरी कायद्यानेही तडजोडीला जागा दिली आहे. दिवाणी संहितेचे कलम ८९, लोकअदालत आणि २०२३ चा मध्यस्थी कायदा ही साधने उपलब्ध आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतील प्रश्न खासगी लवादाकडे नेता येत नसले, तरी दोन्ही पक्षांनी आधी समेट करून त्यांच्यापुढे जाण्यास कोणाची आडकाठी नाही.

अंतर्गत न्यायमंडळावर विश्वास बसण्यासाठी मात्र एक अट आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यानेच न्यायमंडळ नेमलेले असू नये. अनेक सभासद न्यायालयात जातात ते श्रद्धा उणावल्यामुळे नव्हे, तर घरात ऐकून घेणारे कोणी नसल्यामुळे. दोन्ही पक्षांना मान्य असलेले बाहेरच्या धर्मप्रांतातील पंच, निश्चित मुदत आणि लेखी, सकारण निर्णय एवढी व्यवस्था असली, तरी पुष्कळ वाद उंबरठ्याच्या आत मिटतील. त्याहून सोपा उपाय वाद होण्यापूर्वीचा आहे. स्पष्ट शब्दांतील घटना, अद्ययावत मतदारयादी, मुदतीत निवडणूक, तपासून घेतलेले आणि सभेपुढे मांडलेले हिशेब, आणि वेळेवर दिलेला चेंज रिपोर्ट या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, पण मंडळीतील शांतता त्यांच्यावर उभी असते.

ख्रिस्ती माणसाने न्यायालयात जावे की नाही, याचे एका शब्दातील उत्तर म्हणूनच देता येत नाही. दुर्बलाचे संरक्षण, गुन्ह्याची दाद आणि सार्वजनिक ठेवीची राखण यांसाठी कायद्याचे दार ठोठावणे हे कर्तव्य ठरू शकते. मान, पद आणि वर्चस्व यांसाठी ते ठोठावणे हा पौलाच्या शब्दांत आधीच झालेला पराभव आहे. न्यायालय चर्चची किल्ली कोणाला द्यायची ते सांगू शकते आणि गरज पडल्यास पोलीस पाठवून ती देऊही शकते. किल्ली मिळाल्यानंतर आत किती जण येतील आणि ते एकमेकांच्या शेजारी बसतील काय, याचा निर्णय मात्र मंडळीलाच करावा लागतो. त्यावर कोणत्याही न्यायालयात अपील नाही.